वाफसा येईपर्यंत

रस्ता सुरू होतो तिथंच पाटी होती, ओल्या रस्त्यानं गाडी जाणार नाही म्हणून. पाटी मी वाचली, माझ्या दहा वर्षांच्या ईशाननं वाचली, शेजारच्या सीटवर बसलेल्या माझ्या वडिलांनी, अप्पांनीही वाचली. आभाळ निळंशार, ढगाचा ठिपकासुद्धा नाही. रस्ता कडक, राखाडी, खडखडीत वाळलेला. "भेगा बघ कशा पडल्यात," अप्पा म्हणाले. मी म्हटलं, "वाळलाय म्हणूनच ना पडल्यात?" आणि गाडी आत घातली. पूर्व मोंटानात वर्षाचा सगळ्यात जास्त पाऊस मे-जूनमध्ये पडतो, हे मला तिथं सहा वर्षं राहूनही माहीत नव्हतं.

आम्ही राहतो बिलिंग्जला. मोंटाना राज्य महाराष्ट्राहून आकारानं मोठं, आणि माणसं २०२०च्या जनगणनेत १० लाख ८४ हजार. अप्पांना हा हिशोब पटतच नव्हता. "जिल्ह्याची सांगायलीस का राज्याची?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मे महिन्यात ते आले, तेव्हा रीतीप्रमाणे त्यांना यलोस्टोन दाखवलं. जमिनीतून उसळणारं गरम पाणी बघून झाल्यावर म्हणाले, "आपल्या उनकेश्वरलाबी आहे की." बायसन बघून म्हणाले, "रेडाच." परतीच्या वाटेवर मात्र हळूच विचारलं, "इकडं धरण-बिरण आहे का एखादं?"

अप्पा १९७३ साली पाटबंधारे खात्यात लागले ते थेट जायकवाडीवर. पैठणला गोदावरी अडवून बांधलेलं मातीचं धरण, दहा किलोमीटर लांब, सत्तावीस दरवाजे, मागच्या पाण्याचं नाव नाथसागर. १९६५ साली शास्त्रीजींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. त्या उद्घाटनाला मांडवाच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी अप्पा उभे होते. पुढं शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. गळ्यात तुळशीची माळ, बोलण्यात हार्टिंग (मातीच्या धरणाचा चिकणमातीचा गाभा), केसिंग (त्यावरचं मातीचं आवरण), पिचिंग (उतारावर बसवलेले दगड). आम्हा भावंडांना बाराखडीच्या आधी सांडवा म्हणजे काय ते माहीत होतं.

मी फोर्ट पेकचं नाव काढलं. मिसुरी नदीवरचं मातीचं धरण, १९३३ला काम सुरू, १९४०ला पूर्ण, मागं २१५ किलोमीटर लांब पाणी. "मातीचं" या शब्दाला अप्पा सीटवर सावरून बसले.

खरं सांगायचं तर माझा मतलब वेगळा होता. मला पाण्यात कयाक घालायची होती, आणि ईशानला डायनोसॉर पाहिजे होते. त्या तलावाच्या दक्षिण काठावर हेल क्रीक म्हणून ओढा आहे. १९०२ साली बार्नम ब्राउन नावाच्या माणसानं न्यूयॉर्कच्या संग्रहालयासाठी तिथंच टी. रेक्सचा पहिला सांगाडा शोधला. नवरा ड्यूटीवर, म्हणून आम्ही तिघंच. चार दिवसांचा बेत ठरला: दोन रात्री हेल क्रीक स्टेट पार्क, एक रात्र कुठंतरी एकांतात, मग धरण बघून परत.

तयारीला आठवडा गेला. तंबूची जागा ऑनलाइन राखली. मासेमारीचा परवाना काढताना कळलं की संवर्धनाचा वेगळा आणि मासेमारीचा वेगळा. ईशानला वयामुळं लागतच नाही, म्हणजे मासे तो धरणार आणि कागद मी बाळगणार. अप्पा माळकरी, त्यांचा प्रश्नच नव्हता. पाण्याचा पाच गॅलनचा डबा, टायरचा पंप, एका मैत्रिणीकडून मागून आणलेला सॅटेलाइट मेसेंजर. सगळ्यात वरती अप्पांनी स्वतः पोळपाटाशी उभं राहून करवून घेतलेल्या दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. एवढ्या दशम्या कशाला, असं मी म्हटलं होतं. म्हटलं होतं खरं.

टपावर भाड्याच्या दोन कयाक होत्या, त्यामुळं वाटेत तपासणी नाक्यावर थांबणं सक्तीचं. मोंटानात गाडीवर होडी, कयाक, काहीही असलं तरी नाका चुकवता येत नाही. आपल्याकडच्या जुन्या जकातनाक्यासारखाच तो प्रकार, फक्त इथं शोधतात शिंपले. झेब्रा मसल म्हणून नखाएवढा शिंपला असतो. तो एकदा तलावात शिरला की पाइप, जाळ्या, धरणाची तोंडं सगळं थरावर थर चढून बुजवून टाकतो. २०१६ साली राज्यातल्या टायबर जलाशयाच्या पाण्यात या शिंपल्यांची पिल्लं सापडली आणि सगळे खडबडून जागे झाले. नाक्यावरच्या मुलीनं कयाकच्या पोटाखालून हात फिरवला, आधी कुठल्या पाण्यात घातली होती ते विचारलं आणि पावती दिली. अप्पांनी ती पावती घडी घालून खिशात ठेवली. सरकारी कागद ते टाकत नाहीत.

राउंडअप, विनेट, सँड स्प्रिंग्स. नकाशावर ही गावं वाटतात. प्रत्यक्षात काही ठिकाणी एक पोस्ट आणि चार घरं. दोन्ही बाजूला गवत, गवतात वाऱ्याच्या लाटा, आणि तारेचं कुंपण. प्रेअरी प्रेअरी म्हणतात ती ही. पहिला तासभर डोळे निवतात, दुसऱ्या तासाला आपण गाडीत बसलोय की एकाच जागी उभे आहोत ते कळेनासं होतं. जॉर्डन हे गारफील्ड काउंटीचं मुख्य गाव, वस्ती साडेतीनशेच्या आसपास. अख्ख्या काउंटीत बाराशेच्या आत माणसं, आणि क्षेत्रफळ आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढं. पेट्रोल तिथंच शेवटचं. अप्पांनी कॅफेत बटाट्याचे काप आणि पाय खाल्ला. पाय म्हणजे इथली फळांची गोड कचोरी, असं मी त्यांना समजावलं होतं. त्यावर त्यांचा शेरा: "कचोरी नाही, पण बरी आहे."

जॉर्डनपासून हेल क्रीकपर्यंत चाळीसेक किलोमीटर खडीचा रस्ता. सपाट माळ अचानक संपतो आणि जमीन खाली कोसळते. करड्या, पिवळट, जांभळट मातीचे पट्टे एकावर एक, मधूनच काटेरी निवडुंग आणि काळपट पाइनची झाडं, आणि तळाशी ते पाणी. मी बरेच तलाव पाहिलेत, पण हे पाणी झाडीत लपलेलं नाही, डोंगरात बसलेलं नाही. कोरड्या जमिनीच्या बोटाबोटांतून ते शिरलंय, झाडाच्या मुळांसारखं. म्हणून तर काठाची लांबी जवळपास २,४५० किलोमीटर भरते, अख्ख्या कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्याहून जास्त. अप्पा कठड्याशी उभे राहिले, डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "बुडित क्षेत्रात गावं किती गेली?"

हा प्रश्न विचारणारा तिथं वर्षभरात दुसरा कुणी येत नसावा.

पहिल्या दोन दिवसांचं फार सांगण्यासारखं नाही. वारा होता. प्रेअरीवर वारा असतोच, पण सकाळी दहापर्यंत तो तुम्हाला पाण्यात उतरू देतो आणि त्यानंतर देत नाही. दोन दिवसांत आम्ही कयाक चालवली ती सगळी मिळून तास-दीड तास. ईशानला लाइफ जॅकेट अडकवून (बारा वर्षांखाली ते सक्तीचं आहे) आम्ही एका खाडीच्या तोंडापर्यंत गेलो. पाण्यावर पांढरे पेलिकन, एका ओळीत, पंखही न हलवता. परत फिरलो तर समोरून वारा. दहा मिनिटांची वाट पन्नास मिनिटांची झाली. अप्पा काठावर, हातात काठी, नजर माझ्यावर. काठावर पोचले तेव्हा म्हणाले, "नाथसागरावर कोळी चार वाजता उठतात, कशासाठी ते कळलं का?"

बाकी सगळ्यांकडं मोठ्या मोटारबोटी. सगळे वॉलआयच्या मागं. हा मासा म्हणजे इथला देवमासाच, म्हणजे देव मानलेला मासा. ईशानला वॉलआय मिळाला नाही. खडकाळ टोकावरून टाकलेल्या गळाला एक स्मॉलमाउथ बास लागला, वीतभर, पितळी रंगाचा. आम्ही तो सोडला. सोडताना अप्पांनी "गेला का?" असं विचारलं आणि गेला म्हटल्यावर चष्मा पुसला.

तिसऱ्या दिवशी मला ती एकांताची हुक्की आली. तलावाभोवती चार्ल्स एम. रसेल नावाचं अभयारण्य आहे, सुमारे ११ लाख एकरांचं, काउबॉय चितारणाऱ्या एका चित्रकाराच्या नावानं. तिथल्या आकडे टाकलेल्या मातीच्या रस्त्यांनी गाडी नेता येते, रस्त्यालगत तंबूही ठोकता येतो. नकाशात एक रस्ता पाण्यापर्यंत जात होता. तीच ती पाटी.

पाण्यापर्यंत पोचलो, जेवलो. दीड वाजता पश्चिमेला ढग दिसला. दोनला तो डोक्यावर होता. "निघायचं का?" असं मी विचारेपर्यंत टपोरे थेंब. पाऊस किती पडला? वीस मिनिटं. आपल्याकडं याला पाऊस म्हणायचीही कुणी तसदी घेणार नाही. थांबला तसं ऊन पडलं, चंडोलासारखा कुठलासा पक्षी गायला लागला, आणि मी गाडी सुरू केली.

शंभरेक मीटर गेलो असू. आधी स्टिअरिंग हलकं झालं. मग मी डावीकडं वळवलं आणि गाडी उजवीकडं गेली. ब्रेक दाबला तर ती थांबली नाही, घसरत राहिली, सावकाश, एखादी म्हैस चिखलात बसते तशी, आणि कडेच्या चरात मागचं चाक टाकून थबकली. ऑल-व्हील-ड्राइव्हची चारही चाकं गरगर फिरत होती. खाली उतरले. पहिल्या पावलाला बूट राखाडी, पाचव्या पावलाला प्रत्येक पायाला दोन किलो, दहाव्या पावलाला एक बूट मागंच राहिला. टायरच्या नक्षीचा पत्ता नव्हता. चार गुळगुळीत मडकी, आणि मडगार्डमध्ये चाक फिरायला जागाच शिल्लक नाही इतका गिलावा ठासलेला.

इथले लोक या मातीला गंबो म्हणतात. नाव मी ऐकलं होतं. नाव ऐकून काय कळतं?

मी रडकुंडीला आले होते, हे कबूल करते. ईशान मागच्या सीटवर गप्प. अप्पांनी बूट-मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि अनवाणी उतरले. चिमूटभर चिखल घेतला, तळहातावर मळला, वळी करायला लागले. बारीक, आणखी बारीक, काडीएवढी झाली तरी तुटेना. मग अंगठा आणि बोटाच्या मधून तिची पट्टी काढली, ती हातभर लोंबली तरी तुटेना. त्यांच्या चेहऱ्यावर मी कितीतरी वर्षांत न पाहिलेला आनंद.

"एक नंबर हार्टिंगचा माल आहे हा," ते म्हणाले. "आपल्या काळ्या मातीचा सख्खा भाऊ. असा माल मिळावा म्हणून आम्ही कोसकोस बोअर मारत फिरायचो."

"अप्पा, गाडी."

"गाडीला काय झालंय? आता कुठं जायचं नाही. वाफसा आला की निघू."

वाफसा. पंधरा-वीस वर्षांत हा शब्द मी ऐकला नव्हता. शेतात पावसानंतर चिखलही नाही आणि धूळही नाही अशी जमीन होते, औत घालण्याजोगी, त्याला वाफसा म्हणतात हे मला माहीत होतं, पण ते आजोळच्या शेतात. मोंटानात गाडी चरात घालून बसल्यावर तो शब्द कानावर आला आणि मी हसायला लागले. रडणं तेवढ्यापुरतं राहून गेलं.

मेसेंजरवरून नवऱ्याला कळवलं: अडकलोय, ठीक आहोत, पाणी-जेवण आहे. त्याचं उत्तर आलं, टो ट्रक बोलावू का? त्यानं जॉर्डनला फोन लावून विचारलंही. रस्ता वाळल्याशिवाय कुणीच येत नाही, असं उत्तर मिळालं, कारण आलेला ट्रकही अडकतो.

मग दीड दिवस आम्ही तिथं होतो. संध्याकाळी पुन्हा एक सर आली, म्हणून दीड. नाहीतर एकावरच भागलं असतं.

गंमत अशी की एकांत पाहिजे म्हणून मी इथं आले होते, आणि एकांत इतका चोख मिळाला की त्याचं काय करायचं ते कळेना. गाडीपाशीच, थोड्या उंचवट्यावर तंबू लावला. डास इतके की धपाट्यावर चटणीबरोबर तेही आले. जूनमध्ये तिथं रात्री दहापर्यंत उजेड असतो. अप्पांनी गाडीच्या बॉनेटवर टेकून संध्याकाळचे अभंग म्हटले. पैठणहून नाथांची पालखी निघायचे दिवस होते ते. "पालखी चिखलात अडकली की आम्ही असंच बसतो," ते म्हणाले. रात्री कोयोटी ओरडायला लागले, आपल्या कोल्ह्यांच्या कुईपेक्षा वरच्या पट्टीत, आणि वर आकाशगंगा अशी की ईशाननं विचारलं, "आई, हा ढग आहे का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ईशान आणि अप्पा काठ्या आपटत उतारावर फिरायला गेले. काठ्या रॅटलस्नेकसाठी. सापाला पाय वाजलेले कळतात, हे अप्पांचं शास्त्र जगभर चालतं. परत आले ते दोघंही उत्तेजित. ईशाननं मला ओढत नेलं. पावसानं धुतलेल्या मातीत गंजक्या रंगाचा नारळाएवढा गोटा फुटून पडला होता आणि आत शिंपल्याचा तुकडा, मोरपंखी झळाळीचा. "समुद्र होता इथं," तो म्हणाला. सात कोटी वर्षांपूर्वी या माळावर उथळ समुद्र होता आणि कुठल्या कुठल्या ज्वालामुखींची राख येऊन त्यात बसत होती. त्या राखेची झाली बेंटोनाइट माती. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. अप्पांची काळी माती झाली बेसाल्ट झिजून. दोन्हींत चिकणमातीचं खनिज मात्र एकाच जातीचं, मॉन्टमोरिलोनाइट. हे नाव अप्पांनी न अडखळता घेतलं आणि ईशाननं ते तीनदा म्हणून पाठ केलं. मग तो म्हणाला, "आजोबा, तुला माहितेय का? टी. रेक्स इथं फिरत होते ना, शेवटी शेवटी, तेव्हाच तुमच्याकडं लाव्हा येत होता." (इथली पोरं आजोबांना तू म्हणतात. अप्पांनी दोन आठवड्यांत सोडून दिलं.) अप्पा माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "बरोबर आहे. दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचाच." अप्पा खाली बसले आणि त्या शिंपल्यावरून बोट फिरवलं. उचलायचा नाही, अभयारण्यातून दगडसुद्धा न्यायचा नाही, हे ईशाननंच त्यांना बजावलं. फोटो काढला आणि गोटा होता तसा ठेवला.

दर दोन-तीन तासांनी अप्पा रस्त्याची पाहणी करत. टाचेनं दाबून बघायचे, मूठभर माती उचलून गोळा करायचे आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचे. गोळा थापकन बसला की मान हलवायची. दुपारी वारा सुटला. पहिल्या दोन दिवसांत ज्याला मी शिव्या दिल्या तोच वारा. चारच्या सुमाराला गोळा पडला आणि फुटला. मी किल्ली घेऊन उठलेच.

"बस खाली," अप्पा म्हणाले. "हा पेरणीचा वाफसा झाला. बैलाला चालतो. गाडीला आणखी एक सकाळ पाहिजे. वर पापडी धरलीय, खाली लोणी आहे."

मला पटलं नाही. मी पाच पावलं चालून बघितलं, सहाव्याला पापडी फुटली आणि घोटा आत. गप्प येऊन बसले.

सकाळी कयाकच्या वल्ह्यानं, पाना-पेचकसानं आम्ही मडगार्डमधला गिलावा खरवडत बसलो होतो तेव्हा वरच्या कडेला एक पिकअप येऊन थांबली. म्हातारे रँचर होते, शेजारच्या कुरणातल्या गाई बघायला निघालेले. चालतच खाली आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी आधी रस्ता बघितला, मग गाडी, मग विचारलं, कधीपासून? परवा दुपारपासून म्हटल्यावर त्यांनी चक्क टोपी काढली. म्हणाले, बहुतेक लोक गाडी रेटत राहतात, रस्त्यात हातभर खोल चाकोऱ्या पाडतात, त्या वाळून दगडासारख्या होतात आणि मग वर्षभर आम्हाला त्यांतून जावं लागतं. तुम्ही थांबलात, बरं केलं. मी अप्पांकडं बोट दाखवलं. अप्पांनी त्यांच्या खात्यातल्या इंग्रजीत सांगितलं, ब्लॅक कॉटन सॉइल, सेम. दोघांनी खाली वाकून एकेक ढेकूळ उचललं, बोटांनी चुरलं, एकमेकांना दाखवलं. पंधरा मिनिटं त्यांचं काय चाललं होतं ते मला नीट कळलंही नाही. मग साखळी लावून चाक चरातून काढलं. त्यांनी पैसे घेतले नाहीत. दशमी घेतली.

जॉर्डनला येऊन पेट्रोल भरलं, दोनशे नंबरच्या रस्त्यानं पूर्वेला, मग चोवीसनं उत्तरेला. ताशी शंभर किलोमीटरला गाडी थरथरायला लागली. अप्पा म्हणाले, "चाकांचं बॅलन्सिंग गेलं. रिमच्या आत माती आहे." ऐंशीनं गेलो. दीडशे किलोमीटर.

फोर्ट पेक धरणावरून रस्ताच जातो, त्यामुळं आपण धरणावर आलोय हे लगेच कळत नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली गवताचा उतार इतका पसरट की टेकडीच वाटावी. लांबी ६.४ किलोमीटर, उंची ७६ मीटर. अप्पांनी मनात आकडा लावला आणि म्हणाले, "आपलं लांब आहे." मग थोडं थांबून, "उंच मात्र हे." दुसरा प्रश्न, कालवे कुठायत? धरणातून निघणारा मोठा कालवा इथं नाहीच. बांधलं ते पूर अडवायला, खालच्या मिसुरीत जहाजांना पाणी राहावं म्हणून, आणि मंदीत लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. वीज आली ती १९४३ पासून. एवढं पाणी आणि कालवा नाही, हे त्यांच्या गळी उतरायला वेळ लागला.

खालच्या माहिती केंद्रात दाराशीच टी. रेक्सचा सांगाडा उभा आहे, ईशान तिथंच अडकला. अप्पा मात्र बांधकामाच्या फोटोंपुढं. १९३६ साली या कामावर साडेदहा हजारांवर माणसं होती. आसपास व्हीलरसारखी गावं रातोरात उभी राहिली आणि काम संपल्यावर तशीच उठून गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात लाइफ साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला, त्याच्या मुखपृष्ठावर इथल्या सांडव्याचा फोटो, मार्गारेट बर्क-व्हाइटनं काढलेला. पण अप्पांना खिळवलं ते बांधण्याच्या पद्धतीनं. माती रोलरनं दाबलेलीच नाही. चार ड्रेजर नदीच्या तळातून चिखल-पाणी ओढायचे आणि पाइपांनी धरणावर सोडायचे. जड वाळू कडांना बसायची, बारीक चिकणमाती मधल्या डबक्यात निवळत खाली जायची, तोच गाभा.

"म्हणजे हार्टिंग आपोआप बसवलं? पाण्यानं?" ते दोनदा म्हणाले. त्यांनी स्वतः सहा-सहा इंचांचे थर घालून, पाणी मारून, शीपफूट रोलर फिरवून, प्रत्येक थराची घनता तपासून सह्या केल्या होत्या.

पुढचा फोटो २२ सप्टेंबर १९३८चा. धरण जवळजवळ पूर्ण होत आलेलं असताना पूर्वेच्या टोकाजवळ पाण्याकडची बाजू सुटली. सुमारे ४० लाख घनमीटर माती तलावात सरकली, तीसेक माणसं तिच्याबरोबर गेली. आठ मेली. त्यांतल्या सहा जणांची प्रेतं कधी सापडलीच नाहीत, ती धरणातच आहेत. चौकशीत कारण निघालं: पायाखालच्या शेल खडकात बेंटोनाइटचे पट्टे होते, त्यांनी भार पेलला नाही. त्यानंतर उतार आणखी पसरट करून काम पुरं केलं.

अप्पांनी तो मजकूर मला मराठीत परत सांगायला लावला. बेंटोनाइटपाशी त्यांनी हात वर केला. मग आपल्या बुटाकडं बघितलं. टाचेला अजून ती माती होती, वाळून पांढुरकी झालेली. बाहेर येऊन ते धरणावर चालत गेले, बरेच लांब. मी गाडी हळूहळू मागून आणली. पूर्वेकडच्या टोकाशी थांबले, चपला-बूट न घालता उभे राहिले, माळेला हात लावला आणि परत आले. गाडीत बसल्यावर एवढंच विचारलं, "त्या आठ जणांची नावं लिहिलेली असतील ना कुठंतरी? खात्यात असतात."

ग्लासगोला गाडी धुवायला थांबलो. २०१८ साली वॉशिंग्टन पोस्टनं हिशोब मांडून अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं सगळ्यात एकाकी गाव कोणतं ते ठरवलं, ते हे ग्लासगो. कार वॉश मात्र आहे, आणि नाणी टाकून चालणारा. मी क्वार्टर टाकायची, पाणी सुरू व्हायचं, राखाडी चिखल ओघळायचा आणि चार मिनिटांत बंद. ईशाननं खाली जमलेल्या चिखलाचा बांध घातला होता. अप्पा उकिडवे बसून पेचकसानं रिमच्या आतून पापुद्रे काढत होते, एकेक करून, जसं काही त्यांना वेळच वेळ आहे. पुढचं डावं चाक झालं. उजवं झालं. मागच्या डाव्यात हात घातला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "आणखी चार नाणी काढ. इथं अजून ओलं आहे."